टीमने मिळून डोकं चालवायचं म्हणजे नक्की काय करायचं?

आडवाट
मंडळी, बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, म्हणून धागा काढतोय. आधी असा धागा येऊन गेला असेल तर लिंक द्या, हा उडवायला सांगतो.

आमच्याकडे काही अडलं की मीटिंग लागते. विषय कधी 'जुने ग्राहक का सोडून जातायत', कधी 'नवीन सेवा वेळेत का निघत नाही'. दहा-बारा जण, पांढरा फळा, मार्कर. साहेब म्हणतात, "मोकळेपणाने बोला, कुठलीच कल्पना वाईट नसते." मग शांतता. मग नेहमीचे दोघे बोलतात. तिसरा तेच फिरवून सांगतो. एखाद्या नवीन माणसाने तोंड उघडलंच तर "ते करून झालंय" म्हणून त्याला गप्प केलं जातं. तासाभराने फळा भरलेला असतो आणि ठरतं तेच, जे साहेब पहिल्या पाच मिनिटांत सहज म्हणून बोलून गेले होते.

मध्ये सहा टोप्यांची (टोपीचा एकेक रंग म्हणजे विचार करायची एकेक दिशा) कार्यशाळाही झाली. रंगीत पुस्तिका मिळाल्या, फोटो निघाले. आता टोपी हा शब्द ऑफिसात फक्त एकमेकांची खेचायला वापरतात.

प्रश्न साधा आहे. एकत्र बसून अडचण सोडवायची, काही नवं सुचवायचं, यासाठी तुमच्याकडे खरोखर चाललेली पद्धत कोणती? प्रशिक्षणवाल्यांच्या स्लाइड नकोत, त्या ढिगाने पडल्यात. आणि मी साहेब नाही, मधल्या फळीतला आहे, हे लक्षात ठेवून सांगा.

---

कंटाळानंद
खुर्ची टाकून बसलोय. फक्त 'साहेब' या शब्दाऐवजी 'मॅडम' वाचलं की हा धागा आमच्या ऑफिसचा.

---

चौकस भुंगा
चांगला विषय. थोडा इतिहास सांगतो, कारण त्यातच अर्धं उत्तर आहे.

ब्रेनस्टॉर्मिंग, म्हणजे असं एकत्र बसून कल्पना सुचवणं, हा प्रकार रूढ केला अॅलेक्स ऑस्बर्न या जाहिरात क्षेत्रातल्या माणसाने. बीबीडीओ या एजन्सीतल्या 'बी-बी-डी-ओ'मधला 'ओ' म्हणजे हाच. १९५३ च्या पुस्तकात त्याने चार नियम घालून दिले: टीका नंतर करा, संख्या वाढवा, अचाट कल्पनांचं स्वागत करा, दुसऱ्याच्या कल्पनेत भर घाला. नियम उत्तमच आहेत. पण माणूस गटात बसला की त्याला एकट्यापेक्षा दुप्पट कल्पना सुचतात असाही त्याचा दावा होता, आणि तिथे घोळ आहे.

१९५८ साली येल विद्यापीठात हे तपासून पाहिलं. चौघांना एकत्र बसवलं. दुसरीकडे चौघांना वेगवेगळं बसवून त्यांच्या याद्या नंतर एकत्र केल्या आणि सारख्या कल्पना एकदाच मोजल्या. वेगवेगळ्या बसलेल्यांची यादी जवळपास दुप्पट भरली! पुढे हा प्रयोग कितीतरी जणांनी करून पाहिला, निकाल साधारण तोच.

असं का होतं याचा छडा १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबं या दोघांनी लावला. लोक अंगचोरपणा करतात का? थोडासा. हसतील म्हणून घाबरतात का? तेही थोडं. पण खरं कारण अगदीच साधं निघालं: एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. त्यांनी एका प्रयोगात माणसांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं, दुसऱ्याचं बोलणं ऐकूही येत नव्हतं, फक्त दुसरा बोलत असेल तेव्हा दिवा लागायचा आणि तोवर थांबायचं. तेवढ्यानेसुद्धा कल्पना घटल्या. पाळी येईपर्यंत आपलं वाक्य धरून ठेवायचं, त्या नादात पुढचं सुचायचं राहतं, आणि पाळी येते तेव्हा "जाऊ दे, आता संदर्भ गेला" म्हणून माणूस गप्प बसतो.

तेव्हा आडवाट, तुमच्या मीटिंगमधली शांतता ही माणसांचा दोष नाही. रचनाच तशी आहे.

---

अर्धविराम
चौकस भुंगा, +१. यावर आमच्याकडे चालणारा उपाय म्हणजे कागद फिरवणं.

मूळ प्रकार ६-३-५ नावाचा, बर्न्ड रोरबाख या जर्मन माणसाचा, १९६० च्या दशकाच्या अखेरचा. सहा माणसं, प्रत्येकाने तीन कल्पना, पाच मिनिटं. मग कागद शेजाऱ्याकडे. सहा फेऱ्या झाल्या की अर्ध्या तासात १०८ नोंदी. आम्ही आकड्यांचा सोस करत नाही. चार जण असले तरी चालतं आणि तीनऐवजी दोन लिहिल्या तरी चालतं.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगते, कारण हे वाचताना फार कोरडं वाटतं. पहिल्या फेरीत सगळ्यांच्या कागदावर तेच ते: 'कॉल सेंटरची माणसं वाढवा', 'ॲप सुधारा'. दुसऱ्या फेरीत शेजाऱ्याचा कागद येतो, त्यावर आपलंच वाक्य त्याच्या अक्षरात दिसतं आणि मग लाजेकाजेस्तव काहीतरी वेगळं लिहावं लागतं. तिसऱ्या-चौथ्या फेरीपासून मजा येते. एकाने लिहिलेलं 'तक्रार आल्यावर चोवीस तासांत उत्तर', त्याखाली दुसऱ्याने 'उत्तर नको, फक्त तक्रार कुठवर आली ते कळू दे', त्याखाली आमच्या हिशेब विभागातल्या, मीटिंगमध्ये कधीही तोंड न उघडणाऱ्या ताईंनी लिहिलं होतं, 'निम्म्या तक्रारी बिलावरच्या एकाच ओळीबद्दल असतात, ती ओळच बदला.' त्यांना हे कधीपासूनच माहीत होतं. विचारलंच नव्हतं कोणी.

नियम दोनच. बोलायचं नाही, आणि नावं लिहायची नाहीत. दुसरा नियम मोडला की पहिल्याचा उपयोग संपतो.

---

तिरकस
सगळं छान आहे, पण मला एक कळत नाही. कागद फिरवा, दिवे लावा, टोप्या घाला. शेवटी ठरवणार कोण? साहेबच ना? मग १०८ कल्पना गोळा करून त्यांच्या मनातली १०९ वी अमलात आणायची, यासाठी अर्धा तास तरी कशाला घालवा?

---

पाना-पकड
तिरकसराव, मुद्दा बरोबर आहे, पण सगळ्याच अडचणींना 'कल्पना' लागत नाहीत. आधी अडचण कुठल्या जातीची आहे ते बघा. मी उत्पादनातला माणूस. आमच्याकडे ऐंशी टक्के वेळा काय बिघडलंय हेच माहीत नसतं (ऐंशी हा आकडा माझा, भुंग्याने पुरावा मागू नये). तिथे फळ्यावर उपाय लिहीत बसणं म्हणजे आजार न बघता औषधांची यादी करणं.

टोयोटाची 'पाच वेळा का' सगळ्यांना माहीत असते. ताइइची ओनोने ती कारखान्यात रुजवली. पण ती बसून करायची गोष्ट नाही, जागेवर जाऊन करायची, हे सोयीस्करपणे विसरतात. आमचं एक उदाहरण देतो. ग्राहकाला चुकीचा सुटा भाग गेला.

का? खोक्यावर लेबल दुसरंच होतं.
का? लेबलांचा गठ्ठा आधी छापून ठेवलेला, त्यातलं खालचं-वरचं झालं.
का छापून ठेवला? प्रिंटर दुसऱ्या टोकाला. दर खोक्यामागे कोण जाणार, म्हणून पाळीच्या सुरुवातीलाच सगळी लेबलं छापतात.
प्रिंटर तिकडे का? पूर्वी माल तिथून निघायचा. विभाग हलला, प्रिंटर राहिला.

मीटिंगमध्ये बसून हेच केलं असतं तर दुसऱ्याच 'का'ला उत्तर आलं असतं, 'कामगाराचं लक्ष नव्हतं', आणि उपाय निघाला असता 'प्रशिक्षण द्या'. आमचा एक अलिखित नियम आहे: उत्तरात माणूस आला की थांबायचं नाही, अजून एकदा 'का' विचारायचं. प्रिंटर पॅकिंगच्या टेबलाशेजारी आणला. याला सर्जनशीलता म्हणायचं का ते तुम्ही ठरवा.

एक सावधगिरी. 'का'ची साखळी एकाच रेषेत जाते. दोन गटांना वेगवेगळं बसवलं तर दोन वेगळ्या साखळ्या निघतात आणि दोन्ही खऱ्या असतात. म्हणून कारणं अनेक असण्याचा संशय असेल तर इशिकावाचा माशाचा सांगाडा काढा. यंत्र, माल, पद्धत, माणूस, मोजमाप, परिसर, असे काटे काढून प्रत्येकावर कारणं लिहायची. दिसायला बाळबोध, पण 'मोजमाप' हा काटा हमखास रिकामा राहतो आणि तिथेच काहीतरी सापडतं.

---

मधली सुट्टी
पाना-पकड, दंडवत घ्या _/\_

यालाच जोडून. प्रश्न कसा मांडलाय यावरच सगळं असतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीची प्रॉक्टर अँड गॅम्बलची गोष्ट आहे. कोलगेट-पामोलिव्हचा हिरव्या पट्ट्यांचा साबण बाजारात जोरात चाललेला. यांची टीम मान मोडून काम करत होती: आपली हिरव्या पट्ट्यांची वडी त्यांच्यापेक्षा चांगली कशी करायची? एकामागून एक नमुने होत होते, पण चाचण्यांत कुठलाच पुढे जाईना. मिन बसाडुर नावाच्या गृहस्थांनी येऊन टीमचा प्रश्नच बदलला: ताजंतवानं वाटायला लावणारा, आपला स्वतःचा साबण कसा करता येईल? पट्टे गेले, समुद्रकिनारा आला, आणि कोस्ट नावाचा साबण निघाला.

आडवाट, तुमचे दोन्ही विषय बघा. 'जुने ग्राहक का सोडून जातायत' हा पाना-पकड यांच्या जातीचा प्रश्न आहे, तिथे आधी कारण शोधायचं. 'नवीन सेवा वेळेत का निघत नाही' यात तर आरोपच दडलाय. ज्याच्याकडे उशीर झालाय तो मीटिंगमध्ये बचावच करणार. तोच प्रश्न 'पहिला ग्राहक दोन महिने आधी कसा वापरू शकेल?' असा लिहून बघा, वेगळीच माणसं बोलायला लागतील.

---

आडवाट
सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. प्रश्न आधी लिहून पाठवायचा, हे माझ्या हातात आहे. पण तिरकस म्हणतायत तो साहेबांचा मुद्दा शिल्लक राहतोच.

---

शेवटचा बाक
वाचनमात्र होतो, या मुद्द्यासाठी लॉगिन केलं.

साहेब वाईट असतात असं नाही. ते पहिले बोलतात, एवढंच. पहिलं वाक्य पडलं की बाकीच्यांचे विचार त्याच्याभोवती फिरतात. त्यात आणखी एक भर: गटात लोक सगळ्यांना माहीत असलेलंच पुन्हा पुन्हा बोलतात. १९८५ मध्ये स्टॅसर आणि टायटस यांनी एक प्रयोग केला. तीन उमेदवारांपैकी एक निवडायचा. सगळ्यात चांगल्या उमेदवाराचे गुण सदस्यांमध्ये वाटून टाकले, म्हणजे प्रत्येकाकडे थोडे थोडे. सगळ्यांची माहिती एकत्र केली असती तर निवड सरळ होती. पण गटांनी चर्चा करूनही बहुतेक वेळा दुसराच निवडला, कारण चर्चा सगळ्यांकडे असलेल्या मुद्द्यांवरच झाली आणि एकेकट्याकडचे मुद्दे खिशातच राहिले. अर्धविराम यांच्या हिशेबातल्या ताई म्हणजे हेच.

म्हणून आम्ही सुरुवातीला दहा मिनिटं सगळे गप्प बसून लिहितो, मग क्रमाने एकेक मुद्दा वाचतो. सगळ्यात कनिष्ठ माणूस पहिला, साहेब शेवटी. वाचताना चर्चा नाही. याला शास्त्रात नॉमिनल ग्रुप टेक्निक म्हणतात, १९७१ पासून आहे. ॲमेझॉनमध्ये तर मीटिंगच्या सुरुवातीला सगळे बसून सहा पानी टिपण शांतपणे वाचतात, स्लाइड नाहीत. तिथे चालतं म्हणजे वेळ फुकट जात नसावा.

साहेबांना "तुम्ही शेवटी बोला" असं तोंडावर सांगता येत नाही, मान्य. "सर, तुम्ही समारोप करा ना" असं सांगता येतं. :ड

---

तिरकस
हे शेवटचं वाक्य मात्र चोरतोय.

---

कंटाळानंद
म्हणजे एकंदरीत ब्रेनस्टॉर्मिंग मोडीत काढायचं? आमच्या मॅडमना फार वाईट वाटेल.

---

चौकस भुंगा
नाही, तसं नको. दुसरी बाजूही सांगतो. सटन आणि हारगॅडन या दोघांनी आयडिओ या डिझाइन कंपनीत बसून तिथली ब्रेनस्टॉर्मिंग सत्रं जवळून पाहिली आणि १९९६ मध्ये त्यावर लिहिलं. त्यांचं म्हणणं, कल्पनांची संख्या हे एकच मोजमाप चुकीचं आहे. कोणाला काय येतं हे त्या सत्रांत कळतं, जुन्या कामातले उपाय नव्या कामाला मिळतात, हुशार माणसाला चारचौघांत हुशारी दाखवायला जागा मिळते, क्लायंटवर छाप पडते. पण लक्षात घ्या, तिथे या कामात मुरलेली माणसं सत्र चालवत होती. दर काही महिन्यांनी एकदा फळा पुसून बसणाऱ्यांना ते लागू करू नये.

---

अर्धविराम
टोप्यांबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून मी बोलते. डी बोनोचा १९८५ चा हा प्रकार कार्यशाळेत हास्यास्पद होतो, पण आतला मुद्दा पक्का आहे: एका वेळी सगळ्यांनी एकाच दिशेने बघायचं. आम्ही रंग बिंग विसरलोय. दोनच ठेवल्यात. 'आता पंधरा मिनिटं फक्त हे कसं जमेल' आणि 'आता पंधरा मिनिटं फक्त हे कुठे आपटेल'. दुसऱ्या पंधरा मिनिटांत ज्याची कल्पना असते त्यानेही स्वतःच्याच कल्पनेतले दोष काढायचे. त्यामुळे भांडण माणसामाणसांत होत नाही.

---

शेवटचा बाक
टोप्यांवरून आठवलं. १९८६ साली नासाच्या चॅलेंजर यानाच्या उड्डाणाच्या आदल्या रात्री फोनवर बैठक झाली. बूस्टर बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर सांगत होते, थंडी फार आहे, सांध्यातल्या रबरी कड्या नीट बसणार नाहीत, उड्डाण नको. मग कंपनीच्या वरिष्ठांनी फोन म्यूट करून आपसात चर्चा केली. इंजिनिअरिंग विभागाच्या प्रमुखाला त्यात सांगण्यात आलं, इंजिनिअरची टोपी काढ आणि व्यवस्थापकाची घाल. निर्णय फिरला. सकाळी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं, सात जण गेले.

माहिती खोलीत होती, सांगणारेही होते. चर्चेचं कुठलंही तंत्र तिथे कमी पडलं नव्हतं.

---

मधली सुट्टी
हो, म्हणूनच मला 'प्री-मॉर्टेम' जास्त आवडतं. गॅरी क्लाइन यांनी २००७ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये लिहिलं होतं. काम सुरू करण्याआधी टीमला सांगायचं: समजा एक वर्ष उलटलंय आणि प्रकल्प पार झोपलाय. का झोपला, ते प्रत्येकाने पाच मिनिटं लिहा. 'काही धोके आहेत का?' असं विचारलं की सगळे "तसं काही नाही" म्हणतात, कारण शंका काढणारा अपशकुनी ठरतो. इथे अपयश आधीच गृहीत धरलंय, त्यामुळे जो जास्त खोलातलं कारण काढेल तो हुशार ठरतो.

आमच्या मागच्या प्री-मॉर्टेममध्ये एका मुलीने लिहिलं, 'विक्रीवाल्यांनी ही सेवा विकलीच नाही, कारण त्यांचं कमिशन जुन्या सेवेवर जास्त आहे.' योजना दोनदा मंजूर होऊन आली होती, तरी हे कुठल्याच पानावर नव्हतं.

---

पाना-पकड
शेवटचा बाक, चॅलेंजरशी सहमत, पण त्याच संस्थेचं उलटं उदाहरणही द्या. १९७० चं अपोलो १३. ऑक्सिजनची टाकी फुटली, तिघे अंतराळवीर चंद्रावर उतरायच्या छोट्या यानात गेले, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढायला लागला. तो शोषून घेणारे मुख्य यानातले डबे चौकोनी, छोट्या यानातली जागा गोल. जमिनीवरच्या टीमने यानात नक्की काय काय आहे त्याची यादी घेतली आणि तेवढ्याच सामानात जोड तयार केला: प्लास्टिकच्या पिशव्या, पुस्तिकेचे पुठ्ठे, सूटची नळी, चिकटपट्टी. स्वतः बनवून, चाचणी घेऊन, मग पायरीपायरीने वर वाचून दाखवला.

मला यातलं घ्यायचं ते एवढंच: 'मोकळा विचार करा' म्हटल्यावर लोक गोठतात. 'एवढ्याच सामानात, एवढ्याच वेळात' म्हटलं की हात चालायला लागतात. आडवाट, पुढच्या वेळी प्रश्नाला मुद्दाम एक बंधन घाला. नवीन माणूस घ्यायचा नाही, किंवा सॉफ्टवेअरला हात लावायचा नाही. खोटं बंधन असलं तरी चालतं.

---

आडवाट
पाना-पकडकाका, हे करणार. ठरवलंय असं: प्रश्न दोन दिवस आधी लेखी, सुरुवातीला शांत लिखाण, दोन फेऱ्या कागद फिरवणं, समारोप सरांचा. ;) एक शंका उरली. चाळीस-पन्नास कल्पना जमल्या की निवडायच्या कशा? मागे आम्ही रंगीत ठिपके चिकटवून मतं घेतली होती, तर सगळे ठिपके एकाच चिठ्ठीवर जमले.

---

शेवटचा बाक
अगदी तसंच होतं. पहिल्याने लावला तिथे दुसरा लावतो. ठिपके चिकटवण्याआधी प्रत्येकाने आपल्या तीन निवडींचे क्रमांक स्वतःच्या कागदावर लिहायचे, कागद गोळा करायचे, आणि एकाच माणसाने ते फळ्यावर चढवायचे. ऑनलाइन असाल तर आकडे चॅटमध्ये टाइप करून ठेवायचे आणि तीन म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम पाठवायचे.

आणि सगळ्यात जास्त मतांची कल्पना लगेच उचलू नका. जिच्यावर मतं दुभंगलीत, म्हणजे काहींनी पहिली निवड दिलीय आणि बाकीच्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही, तिच्यावर दहा मिनिटं बोला. तिथे कोणाकडे तरी बाकीच्यांना नसलेली माहिती असते.

---

अर्धविराम
यात एक भर: निवडलेल्या कल्पनेसमोर नाव आणि 'येत्या आठवड्यात करून बघायची सगळ्यात छोटी गोष्ट' एवढं लिहिल्याशिवाय खोलीबाहेर पडायचं नाही. नाव सुचवणाऱ्याचंच असावं असं नाही. सुचवणाऱ्याच्याच गळ्यात काम पडतं हे एकदा कळलं की पुढच्या वेळी कागद कोरे येतात.

---

तिरकस
आमच्याकडे कागद कोरे का येतात ते आज कळलं.